टेकडीवरच्या शाळेचा दाखला

१२ जून

बयो,

आईचे आशीर्वाद घे, आणि थंडी असेल तर पायात मोजेही घाल. आशीर्वादानं पाय गरम होत नाहीत.

हे पत्र मी सांगते आहे आणि नागरिकशास्त्राच्या बाई लिहिताहेत. त्याच, आपल्या वरच्या खोलीत राहणाऱ्या. तू इथून गेलीस तेव्हा त्या रस्त्यापलीकडच्या शाळेत नव्या लागल्या होत्या आणि वर्गातून रडत बाहेर यायच्या. आता पोरं रडत बाहेर येतात. (हे सांगताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पण लिहिलं. सरळ बाई आहे.)

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तिसऱ्या वाक्याला तुझं 'बरं, ठेवते' येतं. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फार तर अर्धं वाचून उशीखाली सारशील, तरी उरलेलं अर्धं तिथंच वाट बघत बसेल.

तू मागितलेल्या कागदांचं ऐक. टेकडीवरच्या शाळेचा दाखला आणि तिथली प्रगतिपुस्तकं. तुमच्या तिकडे आपल्या लोकांनी जी शाळा काढली आहे तिला ते लागतात, त्याशिवाय भिंगरीचं नाव यादीत चढत नाही, आणि यादी दहा ऑगस्टला बंद होते. हे तू चार वेळा सांगितलंस. मी अडाणी आहे, बहिरी नाही.

तर तिथलं ऑफिस अजून उघडलेलं नाही. मोठ्या लोकांच्या शाळेला सुट्ट्याही मोठ्या. तुझ्या त्या शाळेला सांग, म्हातारीचे गुडघे दुखतात आणि टेकडी उंच आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दुसरं. सहा रविवार झाले, भिंगरी फोनवर येत नाही. तू म्हणतेस, आंघोळीला गेली आहे. सहाही रविवारी, नेमकी त्याच वेळेला? माझ्याकडे होती तेव्हा तिला न्हाणीघरात ढकलायला मला अर्धा तास लागायचा. तिकडच्या पाण्यात एवढं काय आहे ते कळव. तिला म्हणावं, आजीशी बोलायला विषय लागत नाही. नुसतं 'हं' म्हण. तिच्या 'हं'चे सगळे प्रकार मला ओळखता येतात.

इकडची खबर म्हणजे रस्त्यापलीकडच्या शाळेची घंटा विजेवर गेली. मार्चात त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, माझ्याबद्दल भाषण केलं आणि घरी पाठवलं. एकतीस वर्षं जी मी वाजवली ती आता भिंतीतून आपोआप ओरडते. आपल्या खिडकीत बसून ऐकते. अगदी वेळेवर होते. खोट काढायला जागा नाही म्हणून जास्त राग येतो.

म्हाताऱ्यांच्या त्या घरात तू ज्यांना आंघोळ घालतेस, भरवतेस, त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांत एखादी फार बडबडी असेल तर तिच्यापाशी जरा जास्त वेळ थांबत जा.

तुझी आई


३० जून

बयो,

वर दोन बोटं जागा कोरी दिसते आहे ना, तिथं टेकडीवरच्या शाळेच्या कारकुनाबद्दल एक वाक्य येणार होतं. तो रजेवर असण्याबद्दल. बाईंनी ते लिहिलं नाही. पेन अडलं असं समज.

तुझं उत्तर पोचलं. म्हणजे हातानं लिहायला तू अजून विसरली नाहीस, बरं वाटलं. बाईंनी दोनदा वाचून दाखवलं. तू लिहितेस, तिकडचं सरकार म्हणतं, ज्याला जशी हवी तशी शाळा काढा. देवाधर्माची काढा, भाषेची काढा, गाण्याची काढा, आईबापांनी हवी ती निवडा. फक्त एक पुस्तक सगळ्यांनी शिकवायचं, माणसानं माणसाशी कसं वागायचं त्याचं. आणि शिकवतात की नाही ते बघायला तपासनीस येतो. हे ऐकून बाई खूश झाल्या. मी म्हटलं, तपासनीस आल्यावर पोरं एकमेकांशी गोड वागतात हे बघायला परदेशात कशाला जायला हवं.

पुढं लिहितेस, आपल्या लोकांच्या शाळेत भिंगरीला परकं वाटणार नाही, संस्कार टिकतील. दोन बस बदलाव्या लागतात, त्याला इलाज नाही. तुमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जी शाळा आहे ती तुला नको, कारण तिथं कुणीही येतं. बयो, तू त्या देशात उतरलीस तेव्हा तूसुद्धा कुणीहीच होतीस.

लगेच पत्र मिटू नकोस. हा तुझा राग कुठून येतो ते मला ठाऊक आहे. रस्त्यापलीकडच्या शाळेत तू शिकत होतीस आणि तुझी आई घंटा वाजवत होती. पोरं तुला 'टोल्याची' म्हणायची. पाणी प्यायला यायचीस तेव्हा माझ्या हातातल्या भांड्याकडे बघायचीस, माझ्या तोंडाकडे नाही. मी ते हसण्यावारी नेलं. जावई गेले, तू तिकडची नोकरी धरलीस, आठ वर्षांची पोर माझ्या ओटीत टाकलीस आणि एकच अट घातलीस, की हिला त्या शाळेत घालायचं नाही. सरकारी पसंतीच्या अर्जावर पहिल्या ओळीत तू टेकडीवरची शाळा लिहिलीस, सोडतीत नंबर लागला, आणि विमानतळावर पहिल्यांदा हसलीस.

असो. तुला रस्त्यापलीकडच्या शाळेतली एक गंमत सांगते. बाईंनी तिथं एक खूळ काढलं आहे. (खूळच लिहा, बाई.) शुक्रवारी शेवटच्या तासाला बाकं भिंतीला लावायची, पोरांनी गोल बसायचं आणि डब्यातून तक्रारीच्या चिठ्ठ्या काढायच्या. नियम असा की ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी आत बोलवायचं आणि विचारायचं. पाठीमागं कुणाचंही काही ठरवायचं नाही.

गेल्या वर्षी एका मुलीनं चिठ्ठी टाकली. शुक्रवारी शेवटची घंटा पाच मिनिटं आधी होते, कारण घंटावाल्या मावशीचे पाय दुखतात, आणि त्यामुळे सभेत जो शेवटी उभा राहतो त्याचं बोलणं राहून जातं. मला बोलावणं आलं. इतक्या वर्षांत वर्गात मला कुणी बोलावलं नव्हतं, माझं सगळं दारातूनच. गोलाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. वर्गाच्या प्रमुखानं विचारलं, मावशी, हे खरं आहे का? मी म्हटलं, खरं आहे, घंटा माझी आहे, मी कधीही वाजवीन. तेव्हा ती चिठ्ठीवाली उठली.

"घंटा सगळ्यांची आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे फक्त दोरी आहे."

मतं घेतली. मला घंटेखाली खुर्ची द्यायची आणि घंटा वेळेवर करायची, असं ठरलं. खुर्ची खरंच आली, हात असलेली. त्या पोरीशी मात्र मी चार दिवस बोलले नाही. जेवायला वाढायचे, पण बोलायचे नाही.

(बाई म्हणतात, आजी, हे शेवटचं वाक्य नीट बघा. बघितलं. राहू दे.)

भिंगरीची आंघोळ झाली का?

तुझी आई


१८ जुलै

बयो,

अक्षर वेगळं दिसेल. आज खालचा इस्त्रीवाला लिहितो आहे. त्याला एकीकडून ऐकायचं आणि दुसरीकडून सोडून द्यायचं अशी सवय आहे, म्हणून त्याला धरलं. त्याचं दुकान दुपारी थंड असतं. मी कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसले आहे आणि तो टेबलावर, जिथं चादरी करतो तिथं कागद ठेवून लिहितो आहे. बाईंच्या समोर हे सांगवलं नसतं.

टेकडीवरच्या शाळेचा दाखला येणार नाही. भिंगरी तिथं पाच महिने होती. नंतरची दोन वर्षं ती रस्त्यापलीकडच्या शाळेत होती. चिठ्ठी टाकणारी मुलगी तीच. तू हे मागच्या पत्रातच ओळखलं असशील, नाहीतर तू माझी मुलगी कसली. पण ओळखणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं.

पसंती बदलायची सोय असते, सहा महिन्यांनी एकदा. मी तुला न विचारता त्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, मुलीच्या आईला कळवलं आहे ना? मी म्हटलं, हो तर. त्यानं कागद पुढं केला, मी अंगठा उठवला. कागदावर काय छापलं होतं ते मला वाचता येत नव्हतं, पण काय करते आहे ते पुरतं कळत होतं. अडाणीपणाच्या आड मी लपणार नाही.

बाईंना मी वेगळंच सांगितलं होतं. टेकडीवरच्या शाळेत 'आपले मदतनीस' असा धडा आहे. चित्रात झाडणारी बाई, पहारेकरी, घंटा वाजवणारी, आणि पोरांनी एका सुरात चित्राला 'आभारी आहोत' म्हणायचं. आणि तिथं खरोखर झाडणारी जी बाई होती तिला पुढच्या दारानं यायची बंदी. हे मी डोळ्यांनी पाहिलं, यात एक अक्षर खोटं नाही. मी बाईंना म्हटलं, चित्राशी चांगलं वागायला शिकवणारी शाळा माझ्या नातीला नको. बाईंचे डोळे भरले. त्यांनी पालकसभेत माझं उदाहरण दिलं, की न शिकलेल्या आजीनं मूल्यांचा विचार करून शाळा निवडली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

आता खरं. टेकडीवरची बस पोरीला सकाळी पावणेसातला उचलायची आणि संध्याकाळी पावणेसहाला आणून टाकायची. आली की दोन घास खाऊन ताटावरच पेंगायची. माझी नोकरी दोनला सुटायची. शाळेत चारशे पोरं, त्यांत माझं एकही नाही, आणि घरी आले की चार तास भिंतीशी बोलायचं. तू गेलीस तोवर एकटेपण मला ठाऊकच नव्हतं. घरात कुणीतरी माझ्यावर रागावलेलं असायचं, तेवढी सोबत पुरायची. तुझ्यानंतर कुणी रागावायलाही उरलं नाही. मला ती दिसायला हवी होती, बयो. मधल्या सुट्टीत पळताना, नळाशी भांडताना, नुसती दिसायला. धडा, चित्र, मूल्यं हे सगळं मला नंतर सुचलं. आधी अंगठा उठला.

एकदा तू म्हणालीस, फोनवर तिला गणवेशात दाखव. मी टेकडीवरच्या शाळेचा जुना कोट पेटीतून काढून तिला चढवला. बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या. तू म्हणालीस, आई, बाह्या किती आखूड झाल्या. मी म्हटलं, पोर वाढते. भिंगरी हात पाठीमागं धरून उभी राहिली आणि पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती, तुझ्याकडे नाही.

एप्रिलमध्ये तू तिला न्यायला आलीस. चार दिवस मी तुला एकटीला खाली उतरू दिलं नाही, आठवतं का? तुला वाटलं आईला माया आली. मला खालच्या लोकांची धास्ती होती. तुझ्या येण्याआधी मी भिंगरीला बजावलं होतं, शाळेचं आईला सांगायचं नाही. तिनं विचारलं, "आणि आईनं विचारलं तर?" मी म्हटलं, "तर विषय बदलायचा." तिनं मान हलवली नाही. मला वाटलं, ऐकलं.

ती आंघोळीला जात नाही, बयो. ती विषय बदलते आहे. फोनवर आली तर तुझ्या देखत माझ्याशी शाळेबद्दल बोलावं लागेल, म्हणून दार लावून घेते. पाच मिनिटांच्या घंटेसाठी सगळ्या वर्गासमोर आजीला जाब विचारणारी पोर, आणि तिच्या तोंडाला मीच कुलूप घातलं.

तिच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव, मला त्याची सवय आहे.

इस्त्रीवाला विचारतो, झालं का, इस्त्री गार झाली. झालं.

तुझी आई


११ ऑगस्ट

बयो,

काल तुझी यादी बंद झाली असेल. तुझं पत्र नाही. तुझा फोन वाजतो, पण तू उचलत नाहीस. चालायचंच, असं मी म्हणणार होते, पण चालत नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं. वरच्या खोलीत जाऊन, चौदा पायऱ्या चढून. त्यांनी चहा ठेवला होता तो उतू गेला तरी उठल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पालकसभेत मी तुमचं उदाहरण दिलं होतं." तेव्हापासून खाली माझ्याकडे आलेल्या नाहीत. त्यांच्या चपला ऐकू येतात, त्यावरून घरात आहेत की नाही ते कळतं. त्यांनाही माझा खोकला ऐकू जात असणार. एवढंच आमचं बोलणं.

म्हणून हेही इस्त्रीवालाच लिहितो आहे. हल्ली मी त्याच्याकडे न चुरगळलेले कपडेही घेऊन जाते. त्याच्या ते लक्षात आलं आहे, पण तो घडी मोडून पुन्हा घालून देतो. भला माणूस.

सांगण्यासारखं आणखी काही नाही. पत्र पाठवायचं म्हणून पाठवते. कोरा कागद पाठवला असता, पण मग तुला वाटलं असतं की बाईंचं पेन पुन्हा अडलं.

तुझी आई


३० ऑगस्ट

भिंगरे,

हे पत्र तुझं आहे. आईला दाखवायचं की नाही ते तूच ठरव. मी आता 'सांग' म्हणणार नाही आणि 'सांगू नको'ही म्हणणार नाही.

लिहायला तुझ्या बाई आहेत. तीन आठवडे उलटल्यावर माझ्याकडे उतरल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, पेन आणलं आहे, पण खोटं सांगणार असाल तर वर जाते. मी म्हटलं, बसा, साठा संपला.

तुझ्या आईचं पत्र आलं, ते इस्त्रीवाल्यानं वाचलं. तो कसंही पत्र शर्ट मोजल्यासारखं वाचतो, त्यामुळे तुझी आई किती रागावली आहे ते मला उशिरा कळलं. ती लिहिते, यादी बंद झाली, आपल्या लोकांच्या शाळेत यंदा जागा गेली. लिहिते की सगळं बाहेर पडल्यावर तू तासभर रडलीस आणि मग एप्रिलपासून पहिल्यांदा भडाभडा बोललीस, तेही रस्त्यापलीकडच्या शाळेबद्दल, आणि तिला ते ऐकवेना. आणि शेवटी लिहिते: तुला ती हवी होती ना आई, मग ठेव तुझ्याकडे. मी कामावरून येते तेव्हा माझ्यात काही उरलेलं नसतं. तू हो म्हण, मी तिकीट काढते, मग घाल तिला हव्या त्या शाळेत.

तो पुढचं वाचायला कागद उलटत होता, पण मी थांबलेच नाही. या गुडघ्यांनी कशी वर आले ते मला ठाऊक नाही. तुझी गादी गच्चीवर उन्हात टाकली. खिडकीची काच पुसली. समोरच्या औषधवाल्याला सांगितलं, पोर येते आहे. त्यानं विचारलं, कधी? मी म्हटलं, येते आहे एवढं ऐक, तारखेचं काय घेऊन बसलास.

तेवढ्यात इस्त्रीवाला धापा टाकत वर आला. म्हणाला, आजी, पाकिटात अजून एक कागद आहे, छोट्या अक्षरातला.

तो तुझा कागद. गच्चीवरच वाचला त्यानं. तुझे शब्द तुलाच परत सांगायचं कारण नाही, पण मला ते पाठ झाले आहेत. तू लिहिलंस: "आजी, आईला सांगू नको म्हणालीस तेव्हा तू मला विचारलं नाहीस. आईला सांगितलंस तेव्हाही विचारलं नाहीस. आता आई मला म्हणते की अजून काय काय लपवलं आहेस, आणि मी काही लपवलेलं नाही. शाळा बदललीस तेव्हा पण विचारलं नव्हतंस. सगळं माझ्याबद्दल होतं ना?"

मी त्याला पुन्हा वाचायला लावलं, वाटलं कुठं तरी 'आजीला नमस्कार' राहिला असेल. नव्हता.

मी विचार करत होते की खरं सांगून टाकलं, आता पोर मोकळी झाली. तुला मोकळं केलं ते तुला न विचारताच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुझी आई पण आता तेच करते आहे, आणि मी गादी उन्हात टाकून तिला साथ देत होते. आईनं तुला विचारलं का, इकडे यायचं का म्हणून? मला वाटतं नसेल विचारलं. आमच्या घरात ती रीत नाही. मला कुणी विचारलं नाही, तुझ्या आईला मी विचारलं नाही, आणि ती आता तुला विचारत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही एकमेकींचं भलं परस्पर उरकत आलो आहोत.

तर मी विचारते.

इथं आलीस तर खिडकीजवळची जागा तुझी, मधल्या सुट्टीत मी नळाशी येईन, आणि

बाई म्हणतात, हे विचारणं नव्हे, हे मत ओढून घेणं आहे. त्यांनी वरची ओळ खोडायला घेतली होती, मी म्हटलं राहू दे, तिला कळू दे आजी कशी आहे ते. मग मी म्हटलं, लिहा, तू नाही आलीस तरी मला काही होणार नाही, माझी काळजी करू नकोस. बाई म्हणाल्या, हेही तेच, नुसतं उलटं करून. बघ, सरळ विचारायला किती जड जातं. तुम्ही पोरं दर शुक्रवारी हे कसं करत होतात कोण जाणे.

पुन्हा सुरुवात करते.

भिंगरे, तुला इकडे यायचं आहे का?

एवढंच. उत्तर मला आधी द्यायचं की आईला, ते तुझं तू बघ.

आजी


२२ सप्टेंबर

बयो,

तू दोनदा फोन करून विचारलंस, तिकीट काढू का, आणि मी दोन्ही वेळा म्हटलं, थांब. तू चिडलीस. म्हणालीस, आता काय झालं, तुलाच हवी होती ना. हवी होती. अजूनही आहे. एकाच श्वासात हो म्हटलं असतं तर आज ती इथं या खिडकीत असती. म्हणूनच थांब म्हटलं.

मी भिंगरीला पत्र पाठवलं होतं, ते तिनं तुला दाखवलं की नाही मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. तिचं उत्तर गुरुवारी आलं. बाईंनी वाचलं. मोठं पत्र आहे, दोन पानं पाठपोट. तुझी ड्यूटी उशिरा सुटायची होती त्या दिवशी म्हणे ती एकटीच कोपऱ्यावरच्या शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. आतून एका मुलीनं तिला हाक मारली. त्या मुलीला अजून तिकडची भाषा येत नाही, हिला तिची येत नाही, तर दोघी कुंपणाच्या आरपार मातीत काडीनं चित्रं काढून बोलल्या. त्या मुलीनं घर काढलं, मग घरावर रेघोट्या मारल्या. भिंगरीनं एक कोट काढला आणि त्याच्या बाह्या आखूड. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आता रोज जाते. शाळेच्या माणसानं विचारलं, तू आमच्यात आहेस का? तिनं सांगितलं, अजून ठरलेलं नाही, घरी विचारायचं आहे.

तुझ्यावर ओरडत नाही, पण घरी विचारायचं आहे असं ती त्या माणसाला म्हणाली, आणि घरी तिला तिकिटाबद्दल कळलं ते माझ्या पत्रातून. आता त्या कोपऱ्यावरच्या शाळेच्या अर्जाचा कागद येईल. तो कामावरून आल्यावर घाईत भरू नकोस. तिला शेजारी बसव. तुला ती शाळा आवडत नसेल तर का आवडत नाही ते तिला सांग, 'कुणीही येतं' यापेक्षा जास्त शब्दांत सांग, आणि मग तिचं ऐक. शेवटी सही तुझीच आहे. तिचं ऐकूनही तू नाही म्हणालीस तर ती रडेल, भांडेल, पण दार लावून घेणार नाही. ते दार फार वाईट असतं, बयो, बाहेर बसून मी ऐकलं आहे.

आणि जे तुला कधी विचारलं नाही ते आज विचारते. उत्तराची घाई नाही. त्या शाळेत, आई दारात घंटेपाशी उभी असताना, तुला कसं वाटायचं? मी पाण्याचं भांडं पुढं करायचे तेव्हा तुला मी नको असायचे, की त्या पोरांनी बघायला नको असायचं? मी स्वतःची समजूत घालून घेतली होती की दुसरं. विचारायला पाहिजे होतं. तू कधी सांगितलंस तर मी बाईंना बाहेर बसवीन आणि इस्त्रीवाल्याकडून वाचून घेईन. नको वाटलं तर सांगू नकोस.

बाई आता पूर्वीसारख्या येतात, पण जरा जपून बोलतात. पालकसभा पुढच्या महिन्यात आहे. म्हणाल्या, तुम्ही या आणि खरं काय झालं ते सांगा, पोरांनाही बसवते. मी म्हटलं, टाळ्या मिळणार नाहीत. त्या म्हणाल्या, नाहीच मिळणार. जाणार आहे.

राहिलं भिंगरीचं उत्तर. दोन पानं त्या कुंपणाबद्दल, मातीतल्या चित्रांबद्दल, माझे गुडघे कसे आहेत त्याबद्दल. आणि मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर अगदी शेवटी, सहीच्या वर, एका शब्दाचं. मी बाईंना ते तीनदा वाचायला लावलं. शेवटच्या वेळी बाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि त्या शब्दाखाली बोट ठेवलं. तिन्ही वेळा 'नको'च निघालं.

तिकीट काढू नकोस.

तुझी आई